दोनशे आठच्या पुढे

मुराद तडवींनी झाकण उचललं
तेव्हा आतून तापल्या धुळीचा वास आला.
फैजपूरच्या मे महिन्यात
पट्टीलाही ऊन लागतं, म्हणाले.
म्हणून सगळी रिळं
रांजणाच्या खोलीत, फडताळाच्या खालच्या कप्प्यात.

डावीकडचं रीळ भरलेलं, उजवीकडचं उपाशी.
तपकिरी बाजू आत, डोक्यांकडे,
चकचकीत बाहेर.
मी तीनदा उलटी ओवली.
चौथ्यांदा ते काही बोलले नाहीत,
नुसता पंखा बंद केला.

सरकी काढलेल्या कापसाचा बोळा,
स्पिरिटचे दोन थेंब.
"तीन डोके हायेत याले," म्हणाले.
"पयलं पुसते, दुसरं लिहिते, तिसरं वाचते.
तुले एकच हाये. ते जाग्यावर ठेव."

वेग दोन : साडेसात आणि पावणेचार.
मी साडेसाती म्हणाले, तर हसले नाहीत.

दिवसभर मी केळीच्या गटात काट्यावर असते.
वजन, दांड्याची तूट, पावती.
काटा थांबला की आकडा लिहायचा,
एवढंच माझं शिक्षण.
इथे काटा थांबला म्हणजे काम फसलं.
तो लाल रेषेच्या अलीकडे
हलत राहायला हवा,
रेषा ओलांडली की आवाज
जुन्या सतरंजीसारखा टरकतो.

पहिल्या आठवड्यात मी काय काय भरलं :
माझंच खाकरणं.
गिरणीचा पट्टा.
संध्याकाळी लाइट गेली तेव्हा
"आता मी बोलते आहे" यातला शेवटचा "आहे",
जो खाली खाली जात
म्हशीच्या गळ्यात जाऊन बसला.

आणि एक गोष्ट त्यांनी शिकवली नाही, मीच ऐकली :
जुन्या रिळात कुणी मोठ्याने बोलणार असेल
तर बोलण्याच्या जराशी आधी
तेच शब्द अगदी बारीक ऐकू येतात.
पट्टीवर पट्टी, वर्षानुवर्षं गुंडाळलेली,
एका वेढ्याचं दुसऱ्याने ऐकून ठेवलेलं.

कोरं रीळ मात्र एकही नव्हतं.
"ह्याच्यावर भर," म्हणाले,
"सावद्याच्या मालधक्क्यावरचं काहीतरी हाये."
मी आधी वाजवून पाहिलं.
एक माणूस केळीचे घड मोजत होता.
एकच्या जागी "लाभ" म्हणाला, मग दोन, मग तीन.
मागे वाघिणीच्या दाराचा खडखडाट,
कुणीतरी तंबाखू मागतंय.
बाकी काही नाही. फक्त मोजणं,
संथ, कोरडं, एकही घड न चुकवता.
हे कुणी भरलं, कशासाठी,
मुरादभाईंनाही ठाऊक नाही.

मला ते पुसायचं नव्हतं.
ऐकता ऐकता हात नीट बसवत होते एवढंच,
लाल बटण आणि त्याच्या शेजारचं,
दोन्ही एकदम, एका बोटाच्या अंतराने,
तालीम म्हणून.
रीळ फिरत होतं, हे विसरले.

"दोनशे सात. दोनशे आठ."
मग खट्.
मग माझा श्वास, बांगडी टेबलाला लागलेली,
लांबून मुरादभाई : "लाल दाबलं का वं?"
मग पुन्हा खट्.
"दोनशे वीस. दोनशे एकवीस."

अकरा घड.
ते रागावले नाहीत. चहा ठेवला.
म्हणाले, आता शिकली तू.
पत्ती घेऊन तिरका काप द्यावा, तेवढा तुकडा काढावा,
दोन टोकं चिकटवावीत, सांधा कळणारही नाही,
असंही म्हणाले.
मी नको म्हणाले.
कापलं तरी हिशेब लागणार नाही.

परवा गटाच्या ट्रकवर माल चढत होता.
मोजणारा सुटीवर, म्हणून मी उभी.
लाभ, दोन, तीन, असं करत
दोनशे आठला आले
आणि तोंड उघडं राहिलं.
फळीवर घड घेऊन हमाल थांबलेला,
मानेवरून चीक ओघळतोय.
"ताई, पुढं?"

दोनशे नऊ, म्हणाले.
गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच.